कोवळे खेळाडू आणि रिकाम्या खुर्च्या

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनदा आणि राजांच्या वंशावळी, असा आपला समज असतो. मींहि उभा जन्म शाळेंत मुलांस तोच इतिहास शिकविला. परंतु लोक कोठें जमतात आणि कोठें जमत नाहींत, हाहि इतिहासच आहे. किंबहुना एखाद्या समाजाच्या मनाचा ठाव त्याच्या जाहीरनाम्यांपेक्षां त्याच्या गर्दीवरून अधिक लागतो. आज अशाच एका लहानशा इतिहासाचीं कांहीं पानें मी आपणांपुढें उलगडणार आहें. विषय फुटबॉलचा आहे. परंतु जिंकण्या-हरण्याचा नव्हे. ज्या सामन्याच्या शेवटीं ढाल नाहीं कीं चषक नाहीं, अशा मैत्रीच्या सामन्यास लोक कां येत नाहींत, आणि ते न आल्यानें कोवळ्या वयाच्या खेळाडूंचें काय होतें, एवढाच माझा प्रश्न आहे.

मैत्रीचा सामना म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. दोन देशांचे संघ एकमेकांस भेटतात, नव्वद मिनिटें खेळतात आणि हस्तांदोलन करून आपापल्या वाटेनें जातात. त्यांत पुढच्या फेरीचा प्रवेश मिळत नाहीं, कीं पदक मिळत नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं? वार्षिक परीक्षेपूर्वीं आम्ही शिक्षक चांचणी घेतों ती कशासाठीं? त्याच हेतूनें. संघाचा गुरु अशा सामन्यांत नवीं पोरें मैदानांत उतरवितो. कोणाचे पाय लटपटतात आणि कोणाची नजर स्थिर राहते, तें पाहून घेतो. खऱ्या लढतींत जी चूक महाग पडेल ती येथें स्वस्तांत होऊन जाते. म्हणूनच पुष्कळ नामांकित खेळाडूंचें देशाच्या पोशाखांतील पहिलें पाऊल अशाच बिनचषकाच्या सामन्यांत पडलेलें आढळतें. आपला सुनील छेत्रीच घ्या. १२ जून २००५ रोजीं क्वेट्टा येथें पाकिस्तानविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यांत तो प्रथम भारताकडून खेळला. त्याचें वय तेव्हां २० वर्षांचें होतें. त्या सामन्यांत त्यानें देशासाठीं आपला पहिला गोल केला आणि सामना १–१ असा बरोबरींत सुटला.

या गोष्टीस तेरा वर्षें लोटलीं. १ जून २०१८ रोजीं तोच छेत्री, आतां भारताचा कप्तान, मुंबईंत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलांतील मैदानावर चिनी तैपेईच्या संघापुढें उभा राहिला. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई अशा चार देशांची ती निमंत्रितांची स्पर्धा होती. तिचें नांव इंटरकॉन्टिनेंटल कप असें भारदस्त असलें, तरी मूळ स्वरूप मैत्रीच्या सामन्यांचेंच होतें. भारतानें तो सामना ५–० असा जिंकला. छेत्रीनें एकट्यानें तीन गोल केले. आणि हा पराक्रम पाहण्यास मैदानांत किती माणसें होतीं? २,५६९. ज्या महानगराची वस्ती २०११ च्या शिरगणतींत १ कोटी २४ लाखांच्या घरांत गेली, त्या महानगरांत आपल्या देशाचा संघ खेळत असतां अडीच हजार लोक जमले! एखाद्या बऱ्यापैकीं लग्नसमारंभास याहून अधिक पाहुणे येतात.

दुसऱ्या दिवशीं छेत्रीनें जें केलें तें खेळाच्या इतिहासांत नमूद करून ठेवण्यासारखें आहे. आदल्या दिवशींच्या विजयाचें कौतुक करून घेण्याऐवजीं त्यानें एक लहानसें चलच्चित्र तयार करून लोकांपुढें ठेवलें आणि हात जोडले. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता, कीं तुम्ही यूरोपांतील मोठमोठ्या संघांचे भक्त आहां. त्यांच्या मानानें आमचा खेळ उणा आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु तुमचा वेळ आम्ही फुकट घालविणार नाहीं. आमच्यावर टीका करा, रागवा, वाटल्यास ओरडा. पण तें मैदानांत येऊन, आमच्या तोंडावर करा. श्रोतेहो, देशाच्या कप्तानानें अशी याचना करावी लागणें यांत थोडी लाज आहे आणि पुष्कळ थोरवी आहे. लाज आपली, थोरवी त्याची.

त्या हांकेचा परिणाम दोनच दिवसांत दिसला. ४ जून रोजीं केनियाविरुद्धचा सामना होता. छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना म्हणून तो गाजला. मुंबईचा पाऊस धो धो कोसळत होता. तरी सगळीं तिकिटें खपलीं आणि भिजत, ओरडत लोकांनीं तें मैदान भरून टाकलें. भारतानें ३–० असा विजय मिळविला. दोन गोल छेत्रीचे आणि एक जेजे याचा. पुढें ७ जून रोजीं न्यूझीलंडनें आपणांस २–१ असें हरविलें, आणि १० जून रोजीं अंतिम सामन्यांत केनियावर २–० अशी मात करून भारतानें चषक घेतला. न्यूझीलंडनें त्या स्पर्धेस बहुतेक नवखे गडी पाठविले होते. त्यांत सरप्रीत सिंग नांवाचा भारतीय वंशाचा १९ वर्षांचा मुलगा होता. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१९ सालीं, जर्मनीच्या बायर्न म्युनिक या बलाढ्य क्लबानें त्यास आपल्याकडे घेतलें. अंधेरीस जे आले त्यांनीं हें रोप आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. जे आले नाहींत त्यांनीं पुढें तें वर्तमानपत्रांत वाचलें.

मुंबईचें मन फुटबॉलच्या बाबतींत असें उदास पूर्वींपासून होतें काय? नाहीं. रोव्हर्स कप ही स्पर्धा या शहरांत १८९१ सालीं सुरू झाली. आरंभीं ती गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. पहिल्या वर्षीं वूस्टरशायर पलटणीनें ती जिंकली. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या हिंदी संघानें पलटणींची ही मक्तेदारी मोडली, आणि १९५० पासून १९५४ पर्यंत हैदराबाद सिटी पोलीस या संघानें ती लागोपाठ पांच वेळां जिंकली. त्या काळीं कूपरेजचें मैदान प्रेक्षकांनीं गजबजून जाई. २०००–०१ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद पडली. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. १९५५ नंतर मुंबईंत भारताचा आंतरराष्ट्रीय सामना झाला तो एकदम ३ सप्टेंबर २०१६ रोजीं. मधलीं ६१ वर्षें कोरडीं गेलीं! एकसष्ट वर्षें म्हणजे आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या. जो सामना गांवांत होतच नाहीं, त्यास जाण्याची संवय लोकांस लागावी तरी कशी? देवळांत तीन पिढ्या घंटा वाजली नाहीं, तर चौथ्या पिढीस तेथें देऊळ होतें हेंहि आठवत नाहीं.

२०१६ चा तो सामना पोर्तो रिकोविरुद्ध होता, आणि तोहि मैत्रीचाच. भारतानें तो ४–१ असा जिंकला. मार्च २०१५ मध्यें जागतिक क्रमवारींत भारत १७३ व्या स्थानीं घसरला होता. त्यानंतर संघाचे गुरु स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनीं अनेक नव्या मुलांस संधि दिली, आणि जुलै २०१७ मध्यें आपण ९६ व्या स्थानावर आलों. ऑगस्ट २०१७ मध्यें मॉरिशस आणि सेंट किट्स यांच्याविरुद्ध अंधेरीसच सामने झाले. पहिला आपण २–१ असा जिंकला, दुसरा १–१ असा सुटला. संघ असा पायरी पायरीनें वर चढत होता. परंतु त्याच्या मागें उभें राहणारें गांव अजून जागें व्हावयाचें होतें.

आतां आपल्या ठाणें जिल्ह्याकडे वळूं. कारण याच कथेची दुसरी बाजू आपल्या दारांत घडली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतांत भरली. सहा ठिकाणीं सामने झाले: दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, गोवा आणि नवी मुंबई. नवी मुंबईचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले, आणि नेरूळ हें ठाणें जिल्ह्यांतच आहे. ६ ऑक्टोबर रोजीं तेथें न्यूझीलंड आणि तुर्कस्तान यांची १–१ अशी बरोबरी झाली. मग त्याच संध्याकाळीं पॅराग्वेनें मालीस ३–२ असें हरविलें. २५ ऑक्टोबर रोजीं उपांत्य सामन्यांत स्पेननें मालीवर ३–१ असा विजय मिळविला. त्या दिवशीं स्पेनकडून एक गोल करणारा फेरान टोरेस पुढें बार्सिलोनाच्या संघांत गेला. शेवटीं कोलकात्यांत इंग्लंडनें स्पेनला ५–२ असें नमवून स्पर्धा जिंकली. त्या इंग्लंडच्या संघांतील फिल फोडेन हा स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या मुलांच्या स्पर्धेस एकंदर किती प्रेक्षक आले? ५२ सामन्यांस मिळून १३,४७,१३३. म्हणजे दर सामन्यास सरासरी सुमारें २५,९००. या वयाच्या जागतिक स्पर्धेस त्यापूर्वीं इतके प्रेक्षक कोठेंहि लाभले नव्हते. १९८५ सालीं चीनमध्यें १२,३०,९७६ ही संख्या झाली होती, ती भारतानें मागें टाकली. तेव्हां आमच्या लोकांस फुटबॉल आवडत नाहीं, हें म्हणणें खोटें आहे. मिशीहि न फुटलेल्या परदेशी पोरांचे सामने पाहण्यास जे लोक पंचवीस-पंचवीस हजारांनीं जातात, त्यांस खेळाची आवड नाहीं असें कोण म्हणेल?

मग आठच महिन्यांनीं अंधेरीस अडीच हजार कां? माझ्या मतें याचें उत्तर असें आहे. आपण जत्रेस जातों. शेजाऱ्याकडे जात नाहीं. जागतिक स्पर्धा ही जत्रा होती. तिला डंका होता, रोषणाई होती, शासनाचें पाठबळ होतें. महाराष्ट्रांत १५ सप्टेंबर २०१७ रोजीं एकाच दिवशीं दहा लाख मुलांनीं फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला आणि शाळाशाळांतून चेंडू वांटले गेले. हें सर्व स्तुत्यच होतें. परंतु चेंडू वांटणें सोपें असतें, संवय वांटतां येत नाहीं. ती एकेका रिकाम्या संध्याकाळीं, एकेका बिनमहत्त्वाच्या सामन्यास जाऊनच लागते.

त्या स्पर्धेंत यजमान म्हणून भारताचाहि संघ होता. भारतानें भरविलेली ती पहिलीच जागतिक फुटबॉल स्पर्धा, आणि भारतीय मुलें जागतिक स्पर्धेंत खेळण्याचाहि तो पहिलाच प्रसंग. आमचे सामने प्रथम नवी मुंबईस व्हावयाचे होते. नंतर ते दिल्लीस हलविण्यांत आले. त्यामुळें आपल्या जिल्ह्यांतील मुलांस घरच्या मैदानावर भारताचे खेळाडू पाहण्याची संधि हुकली. दिल्लींत अमेरिकेनें आपणांस ३–०, कोलंबियानें २–१ आणि घानानें ४–० असें हरविलें. कोलंबियाविरुद्ध ९ ऑक्टोबर रोजीं जिकसन सिंग या मणिपुरी मुलानें डोक्यानें मारलेला गोल हा जागतिक स्पर्धेंतील भारताचा पहिला गोल होय. त्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत तो तयार झाला होता. मुंबईंत जन्मलेला आणि अमेरिकेंत वाढलेला नमित देशपांडेहि होता. म्हणजे त्या निळ्या पोशाखांत मराठी घरचींहि मुलें होतीं.

हरलेल्या या मुलांचें पुढें काय झालें? त्यांस एकत्र ठेवण्यासाठीं इंडियन ॲरोज हा संघ पुन्हां उभा करण्यांत आला, आणि वडील माणसांच्या आय-लीग स्पर्धेंत त्यास खेळविण्यांत आलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें पहिल्याच सामन्यांत त्यांनीं चेन्नई सिटीस ३–० असें हरविलें. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. २०१९–२० च्या हंगामांत त्या संघाचें घरचें मैदान मुंबईचें कूपरेज होतें. ज्या कूपरेजवर रोव्हर्सच्या दिवसांत उभें राहण्यास जागा मिळत नसे, त्याच मैदानावर देशांतील होतकरू मुलें खेळत होतीं, आणि चर्चगेटच्या गाड्या पकडण्यास लगबगीनें जाणाऱ्या हजारों लोकांस त्याचा पत्ताहि नव्हता. २०२२ सालीं तो संघ बंद झाला. २०१७ च्या त्या तुकडींतील जिकसन, सुरेश सिंग, अन्वर अली, रहीम अली यांसारखे कित्येक खेळाडू पुढें राष्ट्रीय संघांत चढले. रोप वाढलें खरें. पण त्यास पाणी घालतांना आपण तेथें नव्हतों.

येथें एका दूरच्या मुलखाचें उदाहरण घेतों. कारण त्याचा आकार आपल्या आकाराशीं चमत्कारिक रीतीनें जुळतो. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ देश आहे. २०११ च्या शिरगणतींत त्याची वस्ती सुमारें ३०.६ लाख भरली. त्याच वर्षीं आपल्या ठाणें महापालिकेची वस्ती सुमारें १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेची सुमारें १२.५ लाख होती. म्हणजे आपल्या या दोन महापालिका मिळून एक वेल्स होतो! आपल्याकडे जसें क्रिकेट, तसा तेथें रग्बी हा लोकांचा लाडका खेळ. फुटबॉलनें त्याच्या सावलींतच वाढावयाचें.

या वेल्सनेंहि रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आहेत. २००९ सालीं एस्टोनियाविरुद्ध आणि २०१० सालीं लक्झेंबर्गविरुद्ध झालेले त्यांचे मैत्रीचे सामने राजधानी सोडून लानेल्ली या लहान गांवीं, रग्बीच्या मैदानावर खेळविण्यांत आले. दोन्ही वेळीं प्रेक्षक पांच हजारांच्या आंत होते. परंतु याच बिनगर्दीच्या सामन्यांतून त्यांनीं आपलीं मुलें पुढें आणलीं. गॅरेथ बेल हा २७ मे २००६ रोजीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें त्रिनिदाद-टोबॅगोविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यांत प्रथम देशाकडून खेळला. त्याचें वय होतें १६ वर्षें आणि ३१५ दिवस. आपल्याकडे ज्या वयांत मुलगा दहावीच्या निकालाची वाट पाहतो तें. ॲरन रॅम्सी १७ वर्षांचा असतां, नोव्हेंबर २००८ मध्यें, डेन्मार्कविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यांत उतरला. २०११ सालीं गॅरी स्पीड या गुरूनें विसाव्या वर्षींच त्यास कप्तान नेमलें. आणि २७ मे २०११ रोजीं, म्हणजे बेलच्या पदार्पणास बरोबर पांच वर्षें होत होतीं त्या दिवशीं, वेल्सचा संघ डब्लिनच्या मैदानावर उत्तर आयर्लंडविरुद्ध खेळला. पन्नास हजारांहून अधिक माणसें मावतील एवढें तें प्रेक्षागार. त्यांत आले फक्त ५२९! रॅम्सीनें त्या शांततेंत गोल केला आणि वेल्सनें सामना २–० असा जिंकला. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें वेल्स क्रमवारींत ११७ व्या स्थानीं होता.

पांच वर्षांनीं, २०१६ सालीं, हाच वेल्स फ्रान्समधील यूरोपीय स्पर्धेंत पोहोंचला. १९५८ नंतर प्रथमच त्यास मोठ्या स्पर्धेंत प्रवेश मिळाला होता. १ जुलै रोजीं त्यानें बेल्जियमला ३–१ असें नमवून उपांत्य फेरी गांठली. मग लाल कपडे घातलेल्या वेल्श लोकांच्या झुंडी त्यांच्या संघामागें देशोदेशीं जाऊं लागल्या. ५२९ चे हजारों झाले.

यावर कोणी चतुर श्रोता म्हणेल, "मास्तर, तुमचें उदाहरण तुमच्यावरच उलटलें. प्रेक्षक नसतांनाहि वेल्सचा संघ घडला. मग आम्हीं मैदानांत जाण्याची गरज काय?" शंका रास्त आहे. परंतु वेल्सच्या त्या मुलांस एक सोय होती, ती आपल्या मुलांस नाहीं. बेल टॉटनहॅमकडून खेळे, रॅम्सी आर्सेनलकडून. दर आठवड्यास इंग्लंडमधील हजारों डोळ्यांपुढें त्यांची परीक्षा होत असे. चूक झाली म्हणजे हजारों कंठ गरजत, खेळ साधला म्हणजे तेच कंठ जयजयकार करीत. देशाच्या सामन्यांतील शांतता त्यांनीं दुसरीकडच्या कोलाहलाच्या बळावर निभावून नेली. आपल्या मुलांस असा दुसरा बाजार नाहीं. त्यांस घरचाच प्रेक्षक हवा. लोकांच्या नजरेखालीं खेळण्याचें धैर्य हें सरावानें येतें, आणि तो सराव कोणी शिक्षक एकटा देऊं शकत नाहीं. तो गांवानें द्यावयाचा असतो.

गांव तो कसा देतें, हें पाहावयाचें तर कोल्हापुरास जावें. तेथें पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हीं नांवें तेथील लहान पोरासहि पाठ असतात. शाहू मैदानावर दोन तालमींची गांठ पडली म्हणजे हजारों लोक दुपारपासून जागा धरून बसतात. ते कोणी परदेशी नामवंत पाहण्यास आलेले नसतात. आपल्या गल्लींतील पोरगा पाहण्यास आलेले असतात. या गर्दीस दोषहि आहेत. ईर्षा वाढून कधीं कधीं प्रकरण हातघाईवर येतें, हें मी झांकून ठेवीत नाहीं. परंतु अनिकेत जाधवसारखा मुलगा अशा गांवांत उपजतो, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाहीं. ज्या गांवांत खेळाडूस पाहणारे आहेत, त्या गांवांत खेळाडू होण्याची इच्छा मुलास होते.

आतां आपल्या अडचणींकडेहि डोळेझांक करून चालणार नाहीं. डोंबिवलीचा किंवा कल्याणचा चाकरमाना सकाळीं गाडींत लोंबकळत मुंबईस जातो आणि रात्रीं थकून परततो. त्यास अंधेरीस सामना पाहण्यास ये म्हणावें, तर घाटकोपरास उतरून मेट्रोनें आझादनगर गांठावयाचें. सामना रात्रीं संपावयाचा, आणि शेवटच्या गाड्यांची चिंता आरंभापासून डोक्यांत. बरोबर लहान मूल असेल तर विचारूंच नका. घरीं दूरचित्रवाणीवर जगांतील उत्तम खेळ आयता दिसतो. अशा माणसास नुसता उपदेश करणें हा अन्याय होईल. सामने भरविणाऱ्यांनीं वेळ, ठिकाण आणि तिकिटाचा दर यांचा विचार याच माणसास डोळ्यांपुढें ठेवून केला पाहिजे. नेरूळचें प्रशस्त मैदान आपणांस जवळ आहे. ठाण्यास गाडी बदलली कीं तेथें पोहोंचतां येतें. ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना तेथेंच झाला, आणि स्पेननें कोलंबियास १–० असें हरविलें. जगांतील मुलामुलींस आपल्या जिल्ह्यानें दोनदां अंगण दिलें. आपल्या मुलामुलींच्या साध्या सामन्यांसहि तें अंगण मिळावें, अशी मागणी आपण कां करूं नये?

पण मागणी करणाऱ्यानें आपला वांटाहि उचलावा लागतो. ज्यांच्या हातीं शाळा आहेत अशा माझ्या व्यवसायबंधूंस माझी एक सूचना आहे. सहल म्हटली कीं आपण मुलांस किल्ल्यावर, लेण्यांत, धरणावर नेतों. वर्षांतून एकदां एका वर्गास एखाद्या सामन्यास न्यावें, आणि तोहि मोठ्या अंतिम सामन्यास नव्हे, तर साध्या, बिनमहत्त्वाच्या सामन्यास. राष्ट्रीय संघाचाच असला पाहिजे असें नाहीं. दोन शाळांचा असो, दोन जिल्ह्यांचा असो. तेथें मुलांस पुस्तकांत नसलेली एक गोष्ट दिसेल. आपल्याहून दोन-चार वर्षांनीं मोठा असलेला मुलगा पडतो, चिखल झटकतो, पुन्हां धांवतो, आणि त्याला हांक मारणारें कोणीतरी आहे हें कळल्यावर त्याची चाल बदलते. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलांत किंवा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहांत एखादी सकाळ उभें राहून पाहावें. ही गोष्ट पटण्यास भाषणाची गरज पडणार नाहीं.

उगवत्या सूर्यास नमस्कार करावा, अशी जगाची रीत सांगतात. खेळाच्या बाबतींत आमची रीत उलटी आहे. ६ जून २०२४ रोजीं छेत्रीनें राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, तेव्हां कुवेतविरुद्धचा तो सामना पाहण्यास कोलकात्यांत सुमारें ५९ हजार लोक जमले. सामना ०–० असा सुटला तरी लोकांचे डोळे पाणावले. तो निरोप शेवटचा ठरला नाहीं. मार्च २०२५ मध्यें मालदीवविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यांत तो पुन्हां खेळला आणि त्यानें गोलहि केला. निरोपाची ती गर्दी योग्यच होती. कृतज्ञता ही चांगली गोष्ट आहे. परंतु जो मुलगा आज प्रथमच देशाचा पोशाख चढवून भांबावलेल्या नजरेनें प्रेक्षागाराकडे पाहत आहे, त्यास त्या कृतज्ञतेचा दहावा हिस्सा जरी आगाऊ मिळाला, तरी त्याचें पुष्कळ काम होईल. कृतज्ञता ही मागाहून देतां येते. विश्वास मात्र आधींच द्यावा लागतो.

१ जून २०१८ रोजीं अंधेरीस जे २,५६९ लोक आले होते, त्यांचीं नांवें कोठेंहि नोंदलेलीं नाहींत. त्यांस कोणीं हांक मारली नव्हती, हात जोडले नव्हते, चषकाचें आमिष दाखविलें नव्हतें. आपला संघ खेळतो आहे, एवढ्याच कारणासाठीं ते घरून निघाले. भरलेल्या मैदानाची आठवण सर्वांस राहते. परंतु पुढेंमागें या प्रांतांतील फुटबॉलचा इतिहास कोणी लिहावयास बसला, तर त्यानें आरंभ त्या रिकाम्या खुर्च्यांमध्यें विखरून बसलेल्या अडीच हजार माणसांपासून करावा, अशी माझी त्यास विनंति आहे.